स्टॉपवरच्या चिंचेचे आठ खिळे

वारज्यातल्या रंगनाथ पेंटरला कुणी वय विचारलं, तर तो आकडा सांगत नसे. "फ्लेक्स यायच्या आधीचा हाय मी," एवढंच म्हणे, आणि समोरच्याला कळलं नाही तर ते त्याचं दुर्दैव. पुण्यात विचारणाऱ्याला सरळ उत्तर मिळालं, तर त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यात रंगनाथ वारज्याचा. शहराचा तिखटपणा आणि गावाचा आडमुठेपणा, दोन्ही त्याच्या एकट्याच्या ताटात वाढलेलं.

तर ही गोष्ट दोन हजार सतराची, आणि तिच्या मुळाशी आहे रंगनाथची पोटदुखी. त्याच्या बायकोनं, विजयमालानं, ती पहिल्याच दिवशी ओळखली. पेपर वाचता वाचता नवरा पोटावर हात फिरवायला लागला, तशी ती म्हणाली, "ओवा देऊ का? पर ह्या दुखण्याला ओवा लागू पडत न्हाई म्हणत्यात."

पेपरात शेफालीचा फोटो होता. कोथरूडची पोरगी, तिशीची, हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत टीम लीडर. अंगात हिरवा टी-शर्ट, हातात हातोडा आणि वर मथळा, 'झाडांचे खिळे काढणारी संगणक अभियंता'. दर रविवारी ती पंधरा-वीस पोरापोरींना घेऊन निघायची आणि रस्त्यावरच्या झाडांना ठोकलेल्या पाट्या उपटायची. क्लासच्या, पेइंग गेस्टच्या, मूळव्याधीच्या डॉक्टरच्या. निघालेले खिळे काचेच्या बरणीत भरायची आणि शाळाशाळांतून दाखवत फिरायची. आणि लोक? लोक टाळ्या वाजवायचे.

"वीस वर्सं," रंगनाथ म्हणाला. "वीस वर्सं ह्या रोडच्या झाडांपायी घसा फोडला म्या. एका तरी पेपरवाल्यानं इचारलं का, रंगनाथा, पाणी पितोस का म्हणून?"

"तुमी कुठं टी-शर्ट घातला?" विजयमाला म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

आता ह्या वीस वर्षांचं सांगतो. रंगनाथची झाडांची भानगड सुरू झाली सत्त्याण्णव साली, आणि खरं बोलायचं तर ती पापातून सुरू झाली. तेव्हा वारज्यातल्या शेतांचे प्लॉट पडत होते. भावकीतला जो तो सातबारा घेऊन बिल्डरच्या दारात. रंगनाथच्या वाट्याला जमीन अशी आलीच नव्हती. त्याच्या हातात ब्रश होता, आणि त्या ब्रशाला मात्र चांगले दिवस आले होते. नवी दुकानं, नवे क्लास, केबलवाले, एसटीडीचे बूथ, प्रत्येकाला पाटी हवी. एका बिल्डरनं वीस फुटी बोर्ड सांगितला, 'निसर्गाच्या कुशीत टू बीएचके'. रंगनाथ परांचीवर उभा राहून त्या बोर्डावर झाडं रंगवत होता, आणि त्याच्या पाठीमागं त्याच प्लॉटवरचे सात कडुनिंब करवतीखाली आडवे होत होते. खालून बिल्डर म्हणाला, "पेंटर, डावीकडं मोकळं दिसतंय. अजून दोन झाडं टाका."

रंगनाथनं टाकली. घरी आला आणि ताटावरून न जेवता उठला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या हिरव्या रंगातून त्यानं हातभर पत्रा रंगवला. 'मी सावली देतो, भाडं मागत नाही. मला तोडू नका.' अक्षर असं की वाचणाऱ्यानं दोन मिनिटं तिथंच उभं राहावं. कोपऱ्यात बारीक 'रंगनाथ आर्ट्स, वारजे'. आणि तो पत्रा बसस्टॉपवरच्या चिंचेला नेऊन ठोकला. चार खिळ्यांनी. हो, झाडाला वाचवायचा पत्रा झाडालाच खिळ्यांनी ठोकला. हसू नका, तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाटी म्हटली की खिळा आलाच.

ठोकायची त्याची एक पद्धत होती. नुसता खिळा मारला तर वाऱ्यानं पत्रा फाटतो. म्हणून सोड्याच्या बाटलीचं झाकण, पोरं ज्याला बिल्ला म्हणतात, ते दगडावर ठेवून चपटं करायचं. खिळा आधी बिल्ल्यातून, मग पत्र्यातून. बिल्ले चपटे करायचं काम त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, पूर्णिमाचं. तेव्हा ती सात वर्षांची. रविवारी बापलेक सायकलवर शिडी बांधून निघायचे. तो वर चढायचा, ती खालून दोन्ही हातांनी शिडी धरायची आणि दर मिनिटाला बजावायची, "आण्णा, पडू नका हं. मी धरलीय." तिच्या धरण्यानं शिडीला काय फरक पडत होता देव जाणे, पण रंगनाथला पडत होता.

अशा एकशे चाळीस पाट्या झाल्या. वारजे, कर्वेनगर, पार कोथरूडच्या डेपोपर्यंत. आणि नुसत्या पाट्या लावून गडी गप्प बसत नसे. भर उन्हात स्टॉपवर उभा राहून लोकांना दोन स्कूटर दाखवायचा, एक उन्हात लावलेली, एक चिंचेखाली. "बसा सीटवर. आधी हिच्या, मंग तिच्या." उन्हातल्या सीटवर बसलेला माणूस टुणकन उडाला की म्हणायचा, "कळलं झाड काय देतं ते? का अजून पुस्तक वाचून दाखवू?" भाजीवालीला विचारायचा, मेथी सावलीत किती वेळ टिकते आणि उन्हात किती. ती सांगायची, तो लोकांकडं बघायचा. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका सत्यशीलाबाई त्याला दरवर्षी झाडांवर बोलायला बोलवायच्या. तो शाळेच्या अंगणात पोरांना एक पाय फरशीवर आणि एक पाय झाडाखालच्या मातीत ठेवायला लावायचा. पोरं किंचाळायची, हसायची, आणि घरी जाऊन आईबापांना सांगायची. 'झाडवाले पेंटर' म्हणून त्याला सगळा वॉर्ड ओळखायचा. माणसाला आणखी काय हवं असतं?

मग फ्लेक्स आला. जी पाटी रंगवायला रंगनाथला चार दिवस लागत, ती मशीनमधून दहा मिनिटांत बाहेर पडायला लागली, वर वाढदिवसाच्या पोराचा गॉगल घातलेला फोटोही फुकट. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. रंगनाथ गाड्यांच्या नंबरप्लेटवर आला. हिंजवडीला जाणाऱ्या पोरांच्या मोटारसायकलींवर रेडियमचे आकडे चिकटवायचे, बास. ब्रश डब्यात वाळून गेले. राहिल्या त्या झाडांवरच्या पाट्या. त्यांच्याकडं बघितलं की त्याला वाटायचं, आपण अजून पेंटर आहोत.

पूर्णिमा शिकली, इंजिनियर झाली, हिंजवडीत लागली. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून चिंचेखाली उतरायची आणि घरी जायच्या आधी बापाच्या दुकानात यायची. शेजारच्या हिराच्या टपरीवरून दोन कटिंग यायचे. दिवसभर बॉसनं काय डोकं खाल्लं ते ती सांगायची, रंगनाथला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण तो "लय झालं त्याचं" असं योग्य जागी म्हणायचा. दिवसाचा हा अर्धा तास त्याच्या हक्काचा. बाकी सगळं गेलं तरी चालेल, असा तो अर्धा तास होता.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. शेफाली निघाली पूर्णिमाच्याच कंपनीतली. पूर्णिमा रविवारी तिच्याबरोबर जायला लागली. आता चहाबरोबर रोज, "आण्णा, शेफालीताई म्हणते खोडाच्या सालीखालूनच झाडाचं अन्न जातं. शेफालीताई म्हणते खिळा गंजला की तिथून आतलं लाकूड सडतं, किडे शिरतात. शेफालीताई म्हणते..."

"शेफालीताई चहा पिती का?" रंगनाथनं एकदा विचारलं.

"हो. का?"

"न्हाई, म्हटलं तिच्यातच पी की मग."

पूर्णिमा हसली. बाप गंमत करतोय असं तिला वाटलं. बाप गंमत करत नव्हता, बाप जळत होता. आपली पोर, जिनं आपली शिडी धरली, ती आता दुसरीची शिडी धरते, हे त्याला गिळवत नव्हतं. त्या वर्षी सत्यशीलाबाईंचा निरोपही आला नाही. हिराकडून कळलं की शाळेनं शेफालीला बोलावलंय, प्रोजेक्टर वगैरे लावून कार्यक्रम आहे. रंगनाथनं त्या दिवशी तीन नंबरप्लेटांवर चुकीचे आकडे चिकटवले.

मग एका गुरुवारी शेफाली स्वतःच दुकानात आली, पूर्णिमाला बरोबर घेऊन. नीट बोलली बिचारी. त्याचाच तर राग आला.

"काका, बाकीच्या सगळ्या जाहिराती आम्ही काढल्या. तुमच्या पाट्या मुद्दाम ठेवल्या होत्या, कारण मेसेज खरंच छान आहे. पण ॲक्चुअली खिळा तो खिळाच ना, झाडाला वाचता थोडंच येतं? रविवारी चिंचेपासून सुरुवात करतोय. काढू का? पाट्या जपून परत देऊ."

रंगनाथनं मान वर न करता रेडियमचा आकडा कापला. "काढा की. झाडं काय माझ्या बापाची हायेत?"

"थँक्यू काका!" ती खूष होऊन गेली. पुणेरी माणूस 'काढा की' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं, हे कोथरूडमध्ये जन्मून तिला कळू नये? की फार इंग्रजी बोललं की कान बोथट होतात, कोण जाणे.

दोन दिवस रंगनाथच्या डोक्यात एकच भुंगा. ही माझ्या पाट्या काढणार. बरणीत मूळव्याधीवाल्याच्या खिळ्यांबरोबर माझे खिळे ठेवणार आणि पोरांना दाखवणार, बघा, हा झाडांचा वैरी. म्हणजे वीस वर्षं पाण्यात आणि वर नाव तिचं! "उपटून दाखव म्हणावं," तो स्वतःशीच बोलला. विजयमालानं आतून विचारलं, "काय उपटायचंय?" तो म्हणाला, "काय न्हाई."

शनिवारी भर दुपारी, स्टॉपवर चिटपाखरू नसताना, रंगनाथ शिडी घेऊन चिंचेवर चढला. शिडी धरायला कुणी नव्हतं. जुने चार खिळे गंजून गेले होते, हातानं हलत होते. त्यानं पाटीच्या कडेकडेनं चार इंची आठ नवे खिळे मारले, असे खोल की पाटी काय, अख्खं वारजं हललं तरी हलू नये. शेवटचा खिळा आत जाताना सालीचा एक तुकडा उडून त्याच्या गालावर बसला. त्यानं तो पुसला आणि खाली उतरला. लय बरं वाटलं. साधारण पाच मिनिटं.

रविवारी सकाळी हिरवे टी-शर्ट जमले. शाळेची काही पोरंही आली होती, एक पेपरवालाही. रंगनाथ हिराच्या टपरीवर कप धरून उभा होता, जणू सहज आलोय. एक पोरगा चढला, त्यानं हातोड्याची नखं अडकवली, जोर लावला. खिळा ढिम्म. दुसरा चढला. हातोड्याचा दांडा मोडला. रंगनाथनं चहाचा घोट घेतला, आणि मला सांगायला लाज वाटते, पण तो घोट त्याला अमृतासारखा लागला.

मग शेफाली चढली, जवळून बघितलं आणि ओरडली, "अरे, हे नवे आहेत! कोणीतरी मुद्दाम ठोकलेत. कालपरवाच!"

खाली गलका झाला. कोण असेल? एकानं लगेच शोध लावला, ते क्लासवाले. गेल्या रविवारी त्यांच्या तीस पाट्या काढल्या, त्याची खुन्नस काढली. "आणि तीही काकांच्या पाटीवर!" शेफाली खाली उतरून थेट रंगनाथपाशी आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "सॉरी काका. आमच्यामुळे तुमच्या पाटीवर राग काढला त्यांनी. किती नीच माणसं असतात ना!"

सगळे रंगनाथकडं दयेनं बघायला लागले. हिरानं त्याचा कप काढून घेतला आणि ताजा चहा दिला. आता काय बोलणार? आयती सहानुभूती मिळाली होती. त्यानं ताज्या चहावर फुंकर घातली.

एकटी पूर्णिमा झाडापाशी उभी होती. ती वर बघत होती. प्रत्येक खिळ्याच्या डोक्याखाली एक चपटा बिल्ला होता. कडा आत दुमडलेला, मध्ये बरोबर भोक. तीस वर्षांची सवय हातात असते, डोक्याला विचारत नाही. रंगनाथनं दुसऱ्याच्या नावावर खपावं असं पाप केलं आणि त्याच्यावर आपली सही करून ठेवली. असे बिल्ले करणारी माणसं अख्ख्या पुण्यात दोनच, आणि त्यातली एक आत्ता झाडाखाली उभी होती.

तिनं वळून बापाकडं बघितलं. रंगनाथनं नजर कपात घातली.

ती बोलेल असं त्याला वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती चालत आली, मोठी पकड त्याच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे खिळे आण्णांशिवाय कुणाला निघायचे नाहीत. त्यांना माहितीय कसे ठोकतात ते."

रंगनाथ चढला. शिडी दुसऱ्याच एका पोरानं धरली. एकेक खिळा काढायला घाम फुटला. पहिला निघाला तो ओला होता. जुना खिळा कोरडा निघतो, गंजलेला. हा आतून ओला, बोटाला चिकट. झाड जिवंत असतं हे त्यानं हजार लोकांना सांगितलं होतं, एकशे चाळीस वेळा रंगवलं होतं, आणि त्याला स्वतःला ते त्या क्षणी पहिल्यांदा बोटाला लागलं. आठही खिळे त्यानं काढले. मग पाटी काढली. खाली टाळ्या पडल्या. पेपरवाल्यानं फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी पेपरात रंगनाथ! 'समाजकंटकांनी ठोकलेले खिळे स्वतः काढणारे ज्येष्ठ पेंटर'. अख्खा वॉर्ड येऊन सांगून गेला. सत्यशीलाबाईंचा फोन आला, शुक्रवारी शाळेत सत्कार आहे, शाल-श्रीफळ घ्यायला या. शेफालीही येणार आहे. जे हवं होतं ते सगळं ताटात वाढून आलं, आणि घास घशाखाली उतरेना. कारण त्या सोमवारी संध्याकाळी कंपनीची बस चिंचेखाली थांबली, पूर्णिमा उतरली आणि दुकानाकडं न बघता घरी निघून गेली. हिरानं सवयीनं पाठवलेला दुसरा कटिंग तसाच निवला.

रंगनाथ घरी आला तेव्हा त्याच्या गादीशेजारी वाटी होती. वाटीत आठ बिल्ले. पूर्णिमानं ते झाडाखालून वेचून आणले होते. ती काही बोलली नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही.

"पोरीला काय झालंय?" विजयमालानं विचारलं.

"मला काय माहीत?"

तिनं वाटीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला सांगावं लागत नाही. "आवं," ती हळूच म्हणाली, "तुमाला त्या पोरीचा हेवा वाटला ते मी समजू शकते. पर झाडानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

शुक्रवारी शाळेच्या अंगणात पोरं रांगेनं बसली. रंगनाथच्या गळ्यात हार, खांद्यावर शाल. शेजारी शेफाली, पुढ्यात तिची ती बरणी. सत्यशीलाबाई भरभरून बोलल्या. पूर्णिमा अर्धी सुट्टी काढून आली होती, मागे भिंतीला टेकून उभी, चेहरा कोरा. आली कशाला? बापाची फजिती बघायला की बाप किती खोटं बोलतो ते मोजायला, त्याला कळेना.

बोलायला उभा राहिला तेव्हा रंगनाथला दोन्ही स्कूटरींची गोष्ट सांगायची होती. तोंडपाठ होती. त्यानं खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढून टेबलावर उघडली. बिल्ले खळ्ळकन पडले.

"पोरांनो," तो म्हणाला, "चिंचेला आठ खिळे कुणी ठोकले म्हायतीय का? पेपरात छापलंय समाजकंटक. तो समाजकंटक मी हाय."

सत्यशीलाबाई घाईनं हसल्या. "काका फार विनोदी आहेत बरं का!"

"विनोद न्हाई बाई. माझ्या ह्या हातांनी ठोकले. शनिवारी दुपारी."

पहिल्या रांगेतली एक दोन वेण्यांची चिमुरडी उभी राहिली. परवानगी वगैरे न मागता तिनं विचारलं, "का?"

मोठ्या माणसांनी हा प्रश्न विचारला नसता. त्यांनी कारण स्वतःच शोधलं असतं, काहीतरी बरं दिसणारं. रंगनाथनं तिच्याकडं बघितलं, मग शेफालीकडं, मग मागच्या भिंतीकडं.

"तुमी ह्या ताईसाठी टाळ्या वाजवता म्हणून," तो म्हणाला. "वीस वर्सं आदी माझ्यासाठी वाजवत होतात. तुमी न्हाई, तुमचे आईबाप. मंग ही आली. पेपरात आली, शाळंत आली, माझी पोर तिच्या मागं गेली. मी जळलो. झाडाला म्हटलं, तू माझं हायेस, तिचं न्हाईस. अन् झाडालाच खिळे मारले. झाड बिचारं काय बोलणार? त्याला ना टाळ्या कळत्यात, ना पाटी वाचता येती. खिळा तेवढा कळतो. काढताना ओला निघाला, ह्या बोटाला लागला. म्हणून सांगतो, झाडावर माझी पाटी दिसली तर मला येऊन सांगा. मी काढीन. वरचा मजकूर खरा हाय, पर जागा चुकली."

शाल काढून त्यानं घडी घातली आणि टेबलावर ठेवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरांना कळेना वाजवायच्या की नाही. शेफालीचा चेहरा लाल झाला होता. कार्यक्रम उरकला तेव्हा ती त्याच्याजवळ आली.

"काका, तुम्ही माझ्यावर जळत होता?"

"अजून जळतोय," रंगनाथ म्हणाला. "लगेच कसं जाईल?"

तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "एकशे एकोणचाळीस राहिल्यात. सगळ्या कुठल्या झाडांवर आहेत ते आम्हाला माहीत नाही. यादी आहे?"

"यादी कशाला पायजे? सगळ्या ध्यानात हायेत."

मागे वळून बघितलं तर भिंतीपाशी पूर्णिमा नव्हती. ती निघून गेली होती. त्याचं त्याला फार लागलं. पण संध्याकाळी तो दुकान बंद करायला लागला, तेव्हा हिरा टपरीतून ओरडली, "पेंटर, दोन सांगितलेत का एक?" त्यानं वर बघितलं. पूर्णिमा बाकड्यावर बसली होती, बॅग मांडीवर.

"दोन," ती म्हणाली. आणि कप हातात आल्यावर, "माझा बॉस ना आज..."

"लय झालं त्याचं," रंगनाथ म्हणाला.

रविवारी कर्वेनगरच्या वळणावरच्या कडुनिंबाशी सगळे जमले. सायकल राहिली नव्हती, शिडी टेम्पोतून आली. रंगनाथ चढला. शिडी हलली, आणि खालून दोन हात तिला घट्ट धरते झाले. त्यानं वाकून बघितलं नाही. हात कुणाचे ते त्याला माहीत होतं.

ही पाटी अठ्ठ्याण्णवची. गेल्या एकोणीस वर्षांत झाड जाड झालं होतं आणि पत्र्याचा एक कोपरा सालीनं गिळून टाकला होता. तीन खिळे निघाले, पत्रा कापून काढला. पण तो कोपरा आतच राहिला, आणि नेमकं त्याच कोपऱ्यात लिहिलेलं होतं 'रंगनाथ आर्ट्स, वारजे'.

"आण्णा," पूर्णिमा खालून म्हणाली, "नाव आत गेलंय. पटाशीनं खोदून काढू या का? सावकाश निघेल."

रंगनाथनं त्या फुगलेल्या सालीवर अंगठा फिरवला. शेजारच्या झाडावर शेफालीचा पाचवा खिळा निघाला होता आणि त्याचा अजून तिसराच, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "त्याला दुखंल. चल, पुढलं झाड घे, ती पोरगी फुडं चालली."